बेल्जियमच्या मठांतली गडद बिअर: चाखावी कशी, ओळखावी कशी

रोशफोर १० ही बेल्जियमची बिअर ३३० मिलिलीटरच्या बाटलीत येते आणि तिच्यात ११.३ टक्के अल्कोहोल असते. आपल्याकडे दुकानात ‘स्ट्राँग’ म्हणून जी बिअर मागतात ती फार तर आठ टक्क्यांची. साधा हिशेब मांडून पाहा. या एका बाटलीत ३७ मिलिलीटरच्या आसपास शुद्ध अल्कोहोल आहे, तर ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलीटरच्या लार्ज पेगमध्ये ते २६ मिलिलीटरच्या जवळपास भरते. म्हणजे बाटली बिअरची, पण ऐवज जवळजवळ दीड लार्ज पेगचा. तरीही पहिल्या घोटाला घसा जळत नाही. रंग इतका गडद की कॉफीसारखा करपट कडवटपणा येणार असे वाटावे, आणि प्रत्यक्षात जिभेवर येतात मनुका, खजूर आणि लवंगेचा पुसटसा झणका.

या प्रकाराला बेल्जियन डार्क स्ट्राँग एल म्हणतात; एल म्हणजे उबदार तापमानाला आंबवलेली बिअर. ‘क्वाड्रुपेल’ हे नावही चालते. ही बिअर रंगाने फसवते आणि ताकद लपवते. ती हे कसे साधते ते समजून घेतले, तर चाखताना नेमके काय शोधायचे तेही कळते.

मठात बिअर कशी आली

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली घालून दिली, तिच्यात प्रार्थनेच्या बरोबरीने श्रमाला स्थान आहे. साधूंनी आपल्या हातच्या कष्टावर जगावे आणि दारी आलेल्या पाहुण्याचे स्वागत करावे, अशी ती शिस्त. कुठल्या मठाने चीज केले, कुठल्या मठाने ब्रेड, आणि उत्तर युरोपात जिथे द्राक्षे नीट पिकत नाहीत तिथे बिअर. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या ला ट्राप मठाने ही शिस्त आणखी कडक केली. त्या परंपरेतले साधू ते ट्रॅपिस्ट. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांवर गदा आली तेव्हा काही साधू उत्तरेकडे निघाले, आणि अँटवर्पजवळच्या वेस्टमाल्ले इथे १७९४ मध्ये त्यांचे बस्तान बसले. तिथे केलेली बिअर मठाच्या जेवणात पहिल्यांदा आली ती १० डिसेंबर १८३६ रोजी. वेस्टव्लेटेरेनचा सेंट सिक्सटस मठ १८३१ चा. शिमेजवळचा स्कुरमाँ मठ १८५० चा आणि तिथली ब्रुअरी १८६२ ची.

इतके वाचून आपण ही काळी, जोरदार बिअर मध्ययुगापासून चालत आली असे धरून बसतो. बाटलीवरची गॉथिक अक्षरे तो समज पक्का करतात. तो बरोबर नाही. साधू जेवणाबरोबर घेत ती बिअर हलकी असे, आजही असते. गडद आणि जोरदार बिअर हे मुख्यतः विसाव्या शतकाचे अपत्य आहे, आणि तिच्या वाढीला एका कायद्याचा हातभार लागला. १९१९ मध्ये बेल्जियमने कॅफेंमधून जिन आणि इतर कडक दारू विकायला बंदी घातली. एमिल व्हँडरवेल्ड या मंत्र्याच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा १९८३ पर्यंत टिकला. जिनची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला कॅफेत जोरदार असे काही हवेच होते, आणि कायद्याने बिअरला हात लावला नव्हता. वेस्टमाल्लेची आजच्या धर्तीची डुबेल ही गडद बिअर १९२६ ची, वेस्टव्लेटेरेन १२ ही १९४० च्या सुमाराची, आणि शिमेची निळी बाटली दुसऱ्या महायुद्धानंतर आधी नाताळची खास बिअर म्हणून आली. हे कळल्याने तिचे मोल कमी होते असे मला वाटत नाही. जुन्या शिस्तीत वाढलेल्या माणसांनी नव्या मागणीला इतके काळजीपूर्वक उत्तर दिले, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

ट्रॅपिस्ट आणि ‘ॲबी’

हा फरक लेबलवर दिसतो म्हणून थोडक्यात. १९९७ मध्ये ट्रॅपिस्ट मठांनी आपली आंतरराष्ट्रीय संघटना काढली आणि षट्कोनी चिन्ह ठरवले. बिअर मठाच्या आवारातच तयार व्हावी, साधूंनी स्वतः किंवा त्यांच्या देखरेखीखाली ती करावी, आणि उत्पन्न मठाचा चरितार्थ व दानधर्म यांसाठी वापरावे, या त्याच्या मुख्य अटी. बेल्जियममध्ये आज हे चिन्ह वेस्टमाल्ले, वेस्टव्लेटेरेन, शिमे, रोशफोर आणि ऑरव्हाल या पाचांकडे आहे. आखेलकडेही होते, पण तिथे साधू राहायचे थांबले आणि २०२१ मध्ये ते चिन्ह गेले.

‘ॲबी एल’ म्हणजे मठाच्या नावाने किंवा मठाशी करार करून बाहेरच्या ब्रुअरीत केलेली बिअर. लेफ, ग्रिम्बर्गेन, मारेद्सू ही त्यातली ठळक नावे. षट्कोनी चिन्ह बिअर कुठे आणि कशासाठी केली ते सांगते. चवीची हमी देत नाही. याचे उत्तम उदाहरण वाटू गावातली सेंट बर्नार्डस. वेस्टव्लेटेरेनच्या साधूंना आपला व्याप आवरता घ्यायचा होता, म्हणून १९४६ मध्ये त्यांनी या शेजाऱ्याला आपली बिअर करून विकायचा परवाना दिला. तो १९९२ मध्ये संपला. सेंट बर्नार्डसची आबट १२ ही आज ट्रॅपिस्ट नाही, पण या प्रकारातल्या अव्वल बिअरमध्ये तिला बसवायला मला जराही संकोच वाटत नाही. ‘क्वाड्रुपेल’ हे नाव मात्र सीमेपलीकडून आले: नेदरलँड्समधल्या कोनिंग्सहूवेन मठाने १९९१ मध्ये आपल्या दहा टक्क्यांच्या ला ट्राप बिअरला ते दिले आणि मग ते सगळ्या प्रकाराला चिकटले.

काळा रंग कशाचा

आयरिश स्टाउट काळी दिसते ती करपेपर्यंत भाजलेल्या बार्लीमुळे. म्हणून तिला कॉफीची, जळक्या टोस्टची चव असते. बेल्जियन गडद एलमध्ये अशी बार्ली जवळपास नसतेच. मुख्य धान्य असते फिकट पिल्सनर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, ज्यातून एरवी सोनेरी बिअर होते. गडद रंगाचा मोठा वाटा कँडी सिरपचा. बीटची साखर तापवत तापवत तपकिरी आणि मग काळपट केली की हा पाक तयार होतो. चमचाभर चाखला तर आपल्याकडच्या काकवीची आठवण व्हावी, फक्त उसाचा हिरवट खारटपणा त्यात नाही. त्याऐवजी जळत्या साखरेचा, सुक्या अंजिराचा वास आहे. वेस्टव्लेटेरेन १२ मध्ये तर फिकट माल्ट आणि साखर एवढ्यावरच बहुतेक सगळे काम भागते.

साखर घातली म्हणजे बिअर गोड होईल असे वाटते. होते उलटे. माल्टमधून निघणाऱ्या शर्करांपैकी काही यीस्टला पचवता येत नाहीत. त्या मागे राहतात आणि बिअरला जाडी व गोडवा देतात. साधी साखर मात्र यीस्ट जवळजवळ पूर्ण फस्त करते. तिचे अल्कोहोल होते, मागे जाडी उरत नाही. दहा टक्क्यांची बिअर निव्वळ माल्टची केली तर ती पाकासारखी दाट होऊन अर्ध्या पेल्यात नकोशी व्हायची. साखरेमुळे ती सडसडीत राहते. वास गोड, घोटाचा शेवट कोरडा: या प्रकाराची पहिली खूण हीच. घोट गिळल्यावर तोंड चिकट होत असेल तर ब्रुअरचे काहीतरी बिनसले आहे असे खुशाल समजावे.

रोशफोरच्या बाटल्यांवरचे ६, ८ आणि १० हे आकडे अल्कोहोलचे नाहीत. आंबवण्यापूर्वीचा रस पाण्यापेक्षा किती जड आहे ते मोजायची जुनी बेल्जियन पद्धत होती, १.०६० घनतेला सहा अंश, १.०८० ला आठ. अल्कोहोल म्हणाल तर त्या अनुक्रमे ७.५, ९.२ आणि ११.३ टक्क्यांच्या आहेत. वेस्टव्लेटेरेनचा १२ हा आकडा त्याच पद्धतीतून आला, पण आजच्या रसाची घनता त्याला जुळत नाही. ती बिअर १०.२ टक्क्यांची आहे.

यीस्टचा कारभार

साखर आणि माल्ट यांतून कच्चा माल मिळतो. चव बहुतांशी यीस्ट घडवते. आपल्या ओळखीची लागर बिअर साधारण ८ ते १२ अंश सेल्सियसला, संथपणे आंबते आणि यीस्ट तिच्यावर आपली फारशी छाप ठेवत नाही. मठांतले यीस्ट २० अंशांच्या आसपास कामाला लागते, आणि आंबताना निघणाऱ्या उष्णतेने टाकीतले तापमान चढत जाते. वेस्टव्लेटेरेनमध्ये ते २८–२९ अंशांपर्यंत जाऊ देतात. या उबेत यीस्ट अल्कोहोलच्या बरोबरीने सुवासिक द्रव्ये तयार करते. त्यांतले एक एस्टर पिकल्या केळ्याच्या वासाचेही मुख्य द्रव्य आहे. दुसरे एक फिनॉल असे आहे की नाक त्याला लवंगच म्हणते, जरी भांड्यात लवंग कधी पडलेली नसते. तापमान फार चढले तर नेलपॉलिशसारखा भपका येतो, फार आवरले तर बिअर मुकी राहते. ब्रुअरचे कसब या मधल्या पट्ट्यात आहे.

म्हणून यीस्टला या मठांत फार जपतात. शिमेचे फादर थिओडोर यांनी १९४८ मध्ये तिथले यीस्ट शुद्ध स्वरूपात वेगळे केले. लूव्हेनचे ब्रुइंगशास्त्राचे प्राध्यापक जाँ द क्लर्क यांचे त्यांना साहाय्य होते. या प्राध्यापकांचा मठाशी इतका जिव्हाळा जडला की त्यांची समाधी स्कुरमाँच्याच आवारात आहे. वेस्टव्लेटेरेनचे साधू यीस्ट वेस्टमाल्लेकडून आणतात. एकाच यीस्टच्या दोन मठांतल्या बिअर शेजारी ठेवून चाखल्या तर त्या एका घरातल्या वाटत नाहीत. पाककृती, टाकीचा आकार, तापमान बदलले की तेच यीस्ट वेगळे बोलते.

मसाला म्हणाल तर रोशफोरमध्ये थोडे धणे पडतात. ते ओळखू येऊ नयेत इतक्याच बेताने.

आंबवण संपल्यावर बिअर थंड करून मुरवतात आणि बाटलीत भरताना पुन्हा थोडी साखर व ताजे यीस्ट घालतात. बाटल्या काही आठवडे उबदार खोलीत ठेवल्या की आत दुसऱ्यांदा आंबवण होते. बारीक, जोरकस बुडबुडे त्यातून येतात. शिवाय बाटलीत अडकलेला प्राणवायू यीस्ट वापरून टाकते, त्यामुळे बिअर शिळी व्हायला वेळ लागतो. तळाशी दिसणारा साका म्हणजे हे काम केलेले यीस्ट.

पेला, तापमान, ओतणे

रुंद तोंडाचा, देठाचा चषक ही बेल्जियन रीत. तो नसेल तर रेड वाइनचा ग्लास उत्तम. उंच, सरळ ग्लास टाळावा, कारण नाक आत जायला जागा हवी. पेल्यावर साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला असेल तर फेस लगेच बसतो. ओतण्यापूर्वी पेला गार पाण्याने विसळून ओलाच ठेवावा.

तापमानाबाबत आपल्या सवयीला मुरड घालावी लागते. बर्फासारखी गार बिअर हवी ही आपल्या हवेतली साहजिक ओढ आहे, पण चार अंशांना या बिअरचा वास झोपलेला असतो आणि जिभेला फक्त बुडबुडे आणि अल्कोहोल जाणवते. १० ते १४ अंश योग्य. फ्रीजमधून काढून आपल्याकडच्या खोलीत अर्धा तास ठेवली की साधारण तिथे पोचते. मे महिन्यात त्याहून लवकर.

बाटली आधी दिवसभर उभी ठेवून साका बसू द्यावा. पेला तिरपा धरून एकाच संथ धारेने ओतावे, अर्ध्यावर सरळ करावा म्हणजे वर दोन बोटे फेस उभा राहील. तळाचा सेंटिमीटरभर भाग बाटलीतच सोडावा. काहींना साका आवडतो. तो विषारी वगैरे नाही, पण बिअर गढूळ होते आणि ब्रेडच्या पिठासारखी चव वर येते. पहिल्यांदा चाखताना साक्याशिवायच घ्यावी.

नाकाने आणि जिभेने

इथे सावकाशीला पर्याय नाही. रोशफोर १० समोर आहे असे धरू. पेला उजेडाकडे धरला की काळा वाटणारा रंग कडेला लालसर तपकिरी निघतो. फेस बदामी, दाट. आधी न ढवळता नाक जवळ न्यावे; पहिला वास मनुकांचा आणि कोकोचा. मग पेला हलकेच फिरवून पुन्हा. आता सुके अंजीर, पिकले केळे, मागून मिरपूड आणि लवंग. यादी पाठ करून ती शोधू नये. आपल्या स्वयंपाकघरातला जो वास आठवेल तोच टिपावा. कुणाला खजूर आठवेल, कुणाला नाताळचा रमवाला केक. दोघेही बरोबर असतात.

पहिला घोट लहान घ्यावा आणि तोंडभर फिरवावा. बुडबुड्यांनी जीभ चुरचुरते, जळक्या साखरेचा गोडवा येतो, आणि तो चढतोय असे वाटेपर्यंत कोरडेपणा त्याला कापतो. हॉप्स या कडू फुलांचा कडवटपणा मागे उभा असतो, गोडवा आवरण्यापुरता. गिळल्यावर तोंड मिटून नाकातून श्वास सोडावा. बहुतेक लोक हे करत नाहीत आणि अर्धी बिअर त्यांच्या हातून निसटते. घशामागून नाकात शिरणाऱ्या त्या वाफेत डार्क चॉकलेट आणि लवंग सगळ्यांत स्पष्ट सापडतात. छातीत सौम्य ऊब जाणवेल. ती ऊब हवी, जळजळ नको.

नंतर पेला पाच-सात मिनिटे तसाच ठेवावा. बिअर दोन-तीन अंशांनी उबदार होते आणि वायू थोडा निघून जातो. फळांचे वास मागे सरतात, कॅरमेल आणि पोर्ट वाइनसारखा गडद स्वर पुढे येतो. एक बाटली दोघांनी तासभर वाटून घेतली तर हा सगळा प्रवास दिसतो, आणि दीड पेगचा हिशेबही दोघांत विभागला जातो. गाडी चालवायची असेल त्या संध्याकाळी ही बाटली उघडू नये.

शिमेची निळी ९ टक्क्यांची. रोशफोरपेक्षा हलकी, जास्त मिरमिरीत, यीस्टचा मसालेदारपणा उघड. या प्रकाराची ओळख करून घ्यायला मी हीच सुचवेन. वेस्टव्लेटेरेन १२ बद्दल जगभर इतके बोलले गेले आहे की बाटली हाती येण्याआधीच अपेक्षा फुगते. साधूंनी उत्पादन वाढवायला ठाम नकार दिला आहे. खासगी ग्राहकालाच विकायची, त्याने ती पुढे विकायची नाही, असा दंडक. आधी फोनवर आणि २०१९ पासून ऑनलाइन मागणी नोंदवून गाडी घेऊन मठाच्या दारात जावे लागे. बरीच वर्षे बाटलीवर लेबलही नसे, सगळा मजकूर पिवळ्या झाकणावर. बिअर खरोखर सुंदर आहे, मऊ आणि खोल. पण बाहेर ती जे दाम मागते त्यात सेंट बर्नार्डस आबट १२ च्या अनेक बाटल्या येतात, आणि चवीतली तफावत किमतीइतकी मुळीच नाही. बेल्जियमला जाणाऱ्याने मठासमोरच्या ‘इन द व्हरेडे’ या कॅफेत बसून ती प्यावी.

सोबत काय

फ्लेमिश लोक गोमांसाचा दाट रस्सा याच जातीच्या बिअरमध्ये शिजवतात आणि तीच पेल्यात घेतात. निळे बुरशीदार चीज हा आणखी जुना जोडीदार: चीजचा खारटपणा आणि बिअरमधल्या मनुका एकमेकांना उचलून धरतात. आपल्या ताटातले तांबडा रस्सा किंवा ठेच्यासारखे जहाल काही मात्र बरोबर नको, कारण अल्कोहोल मिरचीची आग वाढवते आणि मग चव कशाचीच लागत नाही. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे, बेताच्या तिखटाचे मटण जमते. गोव्याच्या बेबिंकच्या खरपूस थरांबरोबर शिमेची निळी मला सगळ्यांत जास्त आवडते.

बाटली मुरवणे

आठ टक्क्यांच्या पुढची, बाटलीत आंबलेली गडद एल काही वर्षे टिकते. शिमेच्या ७५० मिलिलीटरच्या ‘ग्रांद रेझर्व्ह’वर वर्ष छापलेले असते ते त्यासाठीच. अंधार आणि १० ते १५ अंशांचे स्थिर तापमान हवे, बाटली उभी. आपल्याकडे स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यात म्हातारी होते, त्यामुळे वाइनचे कपाट नसेल तर फ्रीजचा दरवाजा सोडून आतला कोपरा बरा. दुकानात घेताना तारीख पाहावी आणि उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली शोसाठी मांडलेली बाटली घेऊ नये. प्रकाशाने हॉप्समधली द्रव्ये फुटतात आणि उग्र, कुबट वास येतो.

एकाच बॅचच्या दोन बाटल्या घेऊन एक आत्ता आणि दुसरी दोन वर्षांनी उघडावी. केळे आणि लवंग मावळलेले असतील, बुडबुडे मवाळ झाले असतील, आणि त्यांच्या जागी शेरी, अक्रोड, जुन्या मनुका आल्या असतील. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र ती बाटली गेली असे समजावे. ती रश्शात घालण्याचाही मोह टाळावा; तो वास शिजवून जात नाही.